अंगठ्याखालचं नाव

वरोऱ्याच्या स्टँडवर चंद्रपूरच्या गाडीची वाट पाहताना एक सर रोज माझ्या शेजारी बसत. कॉलेजात शिकवायचे आणि आफ्रिकेच्या अभ्यासाचं एक नियतकालिक एकट्यानं चालवायचे. मांडीवर लेख, हातात पेन्सिल. मी जरा वाकलो की लेखकाच्या नावावर झटकन अंगठा! मला राग यायचा. मी सोयाबीनचा अडत्या. ते नाव कळून मी काय करणार होतो?

पण त्यांचा नेमच तसा. लेखकाचं नाव झाकून लेख जाणकाराकडे तपासायला पाठवायचा आणि जाणकाराचं नाव लेखकाला कधीच सांगायचं नाही.

एका सकाळी मांडीवर कागद नव्हते. पेन्सिल नुसती बोटांत फिरत होती.

"काय झालं सर?"

"माझा एक तपासणारा वारला, भाऊ. तिकडं टांझानियात. लई वर्षं लेख वाचून देत होता. भेट कधी झालीच नाई. शेतीवर कोनी घरी बसून लिहिलं, का तो लिहून पाठवे, 'याले आधी शेतात जाऊन या म्हणा.'"

मी हसलो. तेही हसले.

"नाव काय त्यांचं?"

त्यांचे ओठ हलले, मग मिटले. "नाई सांगता येत. त्यानं ज्यायचे लेख परत पाठवले, ते अजून लिहून राह्यले ना, त्याईले कळून जाईन."

"मंग अंकात चार ओळी तरी छापा."

"कोनाच्या नावानं छापू, भाऊ?"

गाडी लागली. मी चढलो, ते उठलेच नाहीत. खिडकीतून पाहिलं, तर माझ्या रिकाम्या जागेवर त्यांनी अंगठा दाबून धरला होता.