पावडरच्या दुधाला शीग

ज्या घरात पोट दुखणारं लेकरू असतं, त्या घरात किस्से दुपट्यांसारखे साठतात. एक दोरीवर वाळतं न वाळतं तोवर दुसरं ओलं होऊन येतं. आमच्या अमडापूरच्या घरची दोरी यंदा कधी रिकामी नव्हती. नळावर बाया विचारतात, "काय व आजी, काल काय केलं तुमच्या नातीनं?" मी सांगते. काही किस्से ऐकून त्या हसतात. काही ऐकून घागर भरून वाहते तरी नळ बंद करायचं विसरतात.

आधी माणसं सांगते, म्हणजे घोळ नको. माझी धाकटी सून वर्षा. बाळंतपणाच्या टायमाला तिला झटके आले, शुद्ध गेली. ऑपरेशन करून लेकरू काढलं. पोरगी चांगली, पण आईनं डोळे उघडले नाहीत. तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं, माझा पोरगा गजू तिच्याजवळ राहिला. लेकरू माझ्या पदरात आलं, सोबत पावडरचा डबा आणि बॉटल. आईनं पोरीचं तोंड पाहिलेलं नाही, पोरीनं आईचं नाही. घरात मी, थोरली सून शोभा आणि आमचा बुढा. बुढ्याच्या कानाशी फटाका लावला तरी त्याची मान हलत नाही. बोलणाऱ्याचं तोंड पाहून काय समजेल तेवढंच. शेजारची कौसाबाई झोपायला तेवढी तिच्या घरी जाते.

पोरगी दूध ओढायची, पाय पोटाशी घ्यायची, लालबुंद व्हायची, आणि प्यालेलं सगळं आंबट करून बाहेर टाकायची. नऊ महिने पोटात राहून आलेला जीव आमच्या हातात टिकतो की नाही, एवढी एकच गोष्ट घरात होती. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला.

*

शोभाचा हात ताकाला फार चांगला. तिनं पहिल्यांदा बॉटल हातात घेतली आणि ताकासारखीच घुसळली. गळ्यापर्यंत पांढरा फेस. आम्हाला वाटलं, दूध काय मस्त फुगलं. पोरीनं ते ओढलं आणि पोट ढोलकीसारखं टम्म. मग जी रडली, की शेजारचं कुत्रं उठून गेलं.

बुढ्यानं बॉटलकडं पाहून विचारलं, "शोभा, लोनी निघालं का?"

गावातल्या सिस्टरबाई आल्या. म्हणाल्या, "फेस म्हणजे हवा. ती लेकराच्या पोटात भरून राहिल्या तुम्ही. हलक्या हातानं फिरवा, फेस बसू द्या, मग थोडं थोडं पाजा. पाजल्यावर खांद्यावर उभी धरा."

पुढची बॉटल खिडकीत ठेवली. फेस खाली बसायची वाट पाहत आम्ही बसलो. मांडीवर पोरगी किंचाळत होती. फेस हळूहळू खाली आला, शेवटचा बुडबुडा फुटला, आणि त्याच वेळी पोरगी गप्प झाली. बॉटल अजून खिडकीतच होती. पोरीनं मान जराशी वळवली, कोणी कानात काही सांगावं तशी.

"आई, हे कोनाचं आयकून गप बसली?" शोभानं विचारलं.

"भुकेचं," मी म्हटलं. पण भुकेनं गप्प बसलेलं लेकरू मी अजून पाहिलेलं नाही.

*

खांद्यावर धरायचं म्हणजे सोपं नाही. मान सांभाळा, पाठ थापटा, ढेकराची वाट पाहा. ढेकर आला तर दूध पोटात, नाही तर आपल्या लुगड्यावर.

एकदा दुपारी मी तिला अशी धरून उभी होते. कौसाबाई माझ्यामागं बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, "माय, हे तं हसून राह्यली."

एवढंसं लेकरू. त्याला कुठलं हसू?

"सटवाई हाय ते. सटवाई हसवते लेकराले."

मी म्हटलं, "हसवू दे. पन ढेकरही काढून दे म्हना. नुसती काऊन उभी राह्यली?"

कौसाबाई खदखदून हसली. मग तिचं हसणं मधेच थांबलं. मी वळून पाहिलं तर ती पोरीच्या डोळ्यांकडं पाहत होती. म्हणाली, "हिचे डोये पाय. दारातून कोठीपावतर गेले. कोठीपासून तुह्या पाठीशी आले. जसं कोनी चालत यावं."

मी पाणी प्यायला उचललेला लोटा तसाच हातात राहिला. पोरीनं ढेकर दिला, जेवून उठलेल्या पाहुण्यासारखा भरपूर.

"थापटलं कोनं?" कौसाबाईनं विचारलं. माझा एक हात पोरीच्या मानेखाली होता. दुसऱ्यात पाण्याचा लोटा.

*

त्याच कौसाबाईनं एका सकाळी सहाण आणली. जायफळ, मुरडशेंग, हळकुंड, सगळं पदरात. डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं, की दुधाशिवाय पोटात काही जाऊ द्यायचं नाही, घुटी तर मुळीच नाही. मी तसं म्हटलं.

कौसाबाई म्हणे, "डॉक्टरले किती लेकरं झाले? मले सात झाले."

"त्याइले आईचं दूध व्हतं."

"अन् हिले काय हाय? डबा."

पोरगी सकाळपासून पिळवटून रडत होती. कौसाबाईनं घुटी उगाळली, चमच्यात घेतली, पोरीच्या ओठाशी नेली. फोन वाजला. गजू होता.

"आई, वर्षानं हात उचलला."

"काय म्हनतं बापू?"

"उजवा हात. तोंडापुढं आडवा धरला. कोनी काही पाजत असलं अन् नको म्हनावं, तसा. नर्सा धावत आल्या. हात खाली घेऊनच नाही राह्यली."

मी कौसाबाईकडं पाहिलं. फोन स्पीकरवर होता, तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं चमचा खाली ठेवला.

"घेतला आई," गजू म्हणाला. "आत्ता घेतला खाली."

कौसाबाई सहाण पदराखाली घेऊन घरी गेली. तेव्हापासून आमच्या वरणात मीठसुद्धा विचारून टाकते.

*

आमच्याकडं लेकरू म्हटलं की झोळी आली. शोभानं लुगड्याची झोळी बांधली. पण दूध पिऊन झोळीत टाकलं की पोरगी दुमडून जायची आणि दूध नाकातून यायचं. एकदा निळी पडता पडता राहिली. सिस्टरबाईंनी झोळी सोडायला लावली. म्हणाल्या, सपाट जागी, पाठीवर झोपवा, उशी नको. पण खांद्यावरून खाली ठेवली की पोरगी जागी. सगळ्यांचे हात गळून गेले.

एक दिवस शोभा वावरात, मी मागच्या अंगणात दुपटे धूत होते. पोरगी बुढ्याच्या खांद्यावर. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, की रडणं ऐकू येत नाही. हात तसेच साबणाचे घेऊन आत धावले. पोरगी सतरंजीवर पाठीवर गाढ झोपलेली. बुढा उंबरठ्यावर, हात गुडघ्यावर ठेवून.

मी हातानं विचारलं, कसं झोपवलं?

"म्या कुठी झोपवलं?" बुढा म्हणाला. "त्या बाईनं घेतली ना."

"कोन्त्या बाईनं?"

"पाठमोरी होती. गुनगुन करे. आवाज गोड हाय बाप्पा. शोभा असन."

शोभा दोन वावरं पलीकडं निंदत होती. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, "तुमाले आयकू आलं?"

बुढा माझ्याकडं पाहत म्हणाला, "काय?"

*

आता शिगेची गोष्ट. आमच्यात माप सपाट देत नाहीत. पायली असो, वाटी असो, वर टेकडी आली पाहिजे. तिला शीग म्हणतात. दारी आलेल्याला सपाट माप दिलं तर तो चार घरी सांगतो, की त्यांच्या घरी काही राहिलं नाही.

सिस्टरबाई काटा घेऊन आल्या. पोरीला काट्याच्या झोळीत टांगलं. वजन मागच्यापेक्षा खाली. त्या म्हणाल्या, "आजी, पुढच्या वेळी असंच भरलं तर बुलढाण्याला भरती करावं लागेल. पोरगी सुकून राहिली." शोभानं तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात गजूचा फोन. आवाज बसलेला. डॉक्टरनं त्याला खोलीत बोलावून मन घट्ट ठेवायला सांगितलं होतं. मी भिंतीला टेकले. तिकडं आई, इकडं लेक, दोघी एकदमच खाली चालल्या होत्या.

मग गजू म्हणाला, "पन आई, आज ते बरळली. पयल्यांदाच. डोये मिटलेलेच, पन साफ बोलली. म्हने, शीग काढा. दोनदा म्हने. घरी सोयाबीन मोजून राह्यले का?"

"सोयाबीन कवाच गेलं रे."

"मंग कायची शीग?"

इकडं सिस्टरबाई शोभाला म्हणत होत्या, "तुम्ही दूध कसं करता ते एकदा माझ्यासमोर करून दाखवा."

शोभानं पाणी उकळून कोमट केलेलं बॉटलीत मापानं घेतलं. डबा उघडला. चमचा भरला. वर चांगली टेकडी.

"थांबा," सिस्टरबाई म्हणाल्या. "हे वर काय?"

"शीग," शोभा म्हणाली.

माझ्या हातातला फोन कानावरून खाली आला. सिस्टरबाईंना गजूचं बोलणं ऐकू गेलेलं नव्हतं. त्यांनी सुरीची पाठ चमच्यावरून फिरवली, टेकडी डब्यात पाडली. "सपाट. रोज सपाट. घट्ट दूध तिच्या पोटाला झेपत नाही, म्हणून तर पोट कडक होतं अन् बाहेर येतं."

बुढ्यानं ते पाहिलं. त्याला वाईट वाटलं. "लेकराले सपाट माप? ते काय आपल्या घरी मजुरीनं आलं?"

मी फोनकडं पाहत होते. वर्षा घरातून गेली तेव्हा तो डबा दुकानातून आणलासुद्धा नव्हता.

"हॅलो, आई?" गजू विचारत होता. "सांग ना, कोन्ती शीग?"

*

चमचा सपाट झाला. दूध थोडं थोडं, फेस बसल्यावर, आणि पाजल्यानंतर खांद्यावर उभी. कधी शोभाच्या, कधी माझ्या, कधी बुढ्याच्या. पोट मऊ पडलं. पुढच्या वेळी काट्यानं वर सरकून दाखवलं, आणि सिस्टरबाईंनी पोरीच्या पायाचा मुका घेतला. बुलढाण्याची भरती टळली. त्याच आठवड्यात गजूचा फोन आला, वर्षानं डोळे उघडले.

मी पोरीला शोभाजवळ ठेवलं आणि चिखलीहून शहराची गाडी धरली.

वर्षा खाटेवर, उशाला टेकून. गालाची हाडं वर आलेली. डॉक्टरनं सांगितलं होतं, आत्ताच लेकराचं काही काढू नका, जीव कासावीस होईल. म्हणून गजूनं तिला पोरीचा फोटोसुद्धा दाखवला नव्हता. पोरगी झाली एवढंच सांगितलं होतं.

वॉर्डातल्या नर्सनं मला दारातच गाठलं. तरुण पोरगी, बडबडी. "आजी, तुमच्या सुनेचं एक नवलच आहे. बेशुद्ध होती तेव्हापासून हिचा गाऊन डाव्या खांद्याला ओला होतो. फक्त डाव्या. सलाईन गळतं का पाहिलं, सलाईन उजवीकडं. घाम म्हणावं तर एकाच खांद्याला कसा? बदलला की तासा-दोन तासांनी पुन्हा तेच. आम्ही तर आता खाली टॉवेल ठेवतो."

मी खाटेजवळ गेले. वाकून तिच्या खांद्याशी नाक नेलं.

तो वास ज्याला माहीत आहे त्याला सांगावं लागत नाही. पावडरचं दूध, पोटात जाऊन आंबून परत आलेलं. माझ्या लुगड्याला येत होता, शोभाच्या लुगड्याला येत होता, बुढ्याच्या सदऱ्याला येत होता.

"वर्षा," मी म्हटलं, "माय, पोरगी बरी हाय. आता दूध पचते तिले."

तिनं उजवा हात उचलला. त्या हातात जोर नव्हता, सुई टोचून टोचून तो काळानिळा झाला होता. तो हात तिनं डाव्या खांद्याच्या थोडा वर, हवेतच, हलके हलके थापटला. मग तसाच ठेवला.

"हळू बोला आई," ती म्हणाली. "आत्ता ढेकर आला तिले. डोया लागून राह्यला."

मी पायातल्या चपला काढल्या आणि आवाज न करता स्टुलावर बसले.