डोक्याच्या आतला मार

माचाला शहराजवळच्या केळीबागेत एर्मेल लालांगी लोंगरं ओढायचा. कमरेला पट्टा, मागं तारेवर कप्प्यांना टांगलेल्या केळीच्या घडांची लांबलचक माळ आणि तोंडात शीळ. एक दिवस तार उसळली, लोखंडी कप्पी सुटली आणि त्याच्या कानामागं बसली. रक्त नाही, खोक नाही, नुसतं टेंगूळ. मुकादम म्हणाला, "कप्पी चेमटली का बघा रे आधी." एर्मेलही हसला, पाणी प्याला आणि पुन्हा पट्टा आवळून कामाला लागला.

त्यानंतर त्याची शीळ काही ऐकू आली नाही. उजेड त्याच्या डोळ्यांना टोचायचा. दूध करपून घरभर धूर झाला तरी चुलीशेजारी बसलेल्या ह्याला वास नाही. मधेच भडकायचा, मग भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. वस्तीनं ठरवलं, गड्यानं भय खाल्लंय. ते निघावं म्हणून आम्ही त्याच्यावरून अंडं उतरवलं, सतापाच्या फांद्यांनी झाडलं. त्यातच महिने गेले.

त्याची बायको ओब्दुलिया माझी शेजारीण. तिच्या पोरीला बाप्तिस्म्याला मीच मांडीवर घेतलेलं. हल्ली ती पोरीला क्षणभरही खाली ठेवत नव्हती. विचारलं की म्हणायची, "काही नाही गं."

शेवटी कामगार संघटनेच्या माणसानं सांगितलं, हा मेंदूचा मार आहे. विम्याच्या डॉक्टरापुढं सिद्ध झालं तर भरपाई मिळंल. एर्मेल उखडला. "येडा म्हणून शिक्का बसला तर कुठला मळेवाला दारात उभा करंल मला? डोकं दुखतं एवढंच सांगणार. आणि तू गप ऱ्हायचं," त्यानं ओब्दुलियाला दटावलं.

विम्याच्या दवाखान्यात आम्ही तिघं गेलो, पोर माझ्या कडेवर. एर्मेल दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसलेला.

"डोक्याचा स्कॅन तर साफ दिसतोय," डॉक्टर म्हणाला. "त्रास काय होतो?"

"डोकं दुखतं थोडं. पण डॉक्टर, लग्न झालेल्या कुणाचं दुखत नाही?"

डॉक्टर हसला. कागद मिटता मिटता त्यानं ओब्दुलियाला विचारलं, "बाई, घरात काही फरक जाणवतो?"

एर्मेलनं तिच्याकडं पाहिलं. ती नजर मला ओळखीची वाटेना. घरी गेल्यावर काय होईल, ह्या विचारानं मी पोरीला त्याच्यापासून लांबच्या कडेवर घेतलं. ओब्दुलियानं ओढणीचं टोक मुठीत धरलं.

"मी ह्यांच्याजवळ पोर ठेवत नाही," ती म्हणाली. "भ्या वाटतं."

"काय केलं मी पोरीला?" एर्मेल ओरडला.

"कालव्याच्या काठावर बसवून घरी आलात. जेवलात. पोर कुठंय विचारलं तर म्हणालात, कुठली पोर?"

"खोटं बोलतीस."

"तेच, तुम्हाला आठवत नाही. म्हणून तर सांगितलं नव्हतं."

त्याचा राग तोंडावरच विझला. मागं उरलं ते बघवत नव्हतं. डॉक्टरनं मिटलेला कागद उघडला, खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाला, "पहिल्यापासून सांगा."

भरपाईचा अर्ज पुढं सरकला. दुसऱ्या तपासणीची तारीख मिळाली. बसमध्ये एर्मेलनं तिला हळूच विचारलं, "कालव्यात पाणी होतं?"

"होतं."

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा तेच विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. पोरीनं माझ्या कडेवरून त्याच्याकडं झेप घेतली, तसा तो आक्रसून खिडकीला चिकटला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला.