गुलाबाच्या जागी नजात

गुलाब नाही मेला. नजात मेली.

परवा व्हॉट्सअॅपवर तिच्या घरून मेसेज आला. काळी चौकट, मधे लाल गुलाब, खाली ‘अलीची आई वारली’.
नाव नाही. तोंड नाही.
हे काम तिच्या दिराचंच. पुरावा नाही माझ्याकडे, पण त्याचंच.

लीड्सच्या एका हॉस्पिटलात आम्ही दोघी आठ वर्षं एकाच वॉर्डात क्लीनर. ती इराकची, मी सांगोल्याकडची. दोघींचं इंग्लिश मोडकं, म्हणून तर जमलं.

पहिल्याच महिन्यात म्हणाली, मी तिकडे निवडून आले होते. आपल्या जिल्हा परिषदेसारखं काहीतरी. तिकडेही बायकांना राखीव जागा.

मला वाटलं, थापा मारतेय. निवडून आलेली बाई इथं फरशी पुसेल? दाखव म्हटलं.

तिने फोनमध्ये पोस्टर दाखवलं. बाकी उमेदवारांचे फोटो. हिच्या जागी गुलाब. खाली अमक्याची बायको.

“मग कारभार नवऱ्याचाच,” मी म्हटलं. “मला नको सांगूस.”

मला माहीत होतं ना. गावात बाईची जागा निघाली तेव्हा ह्यांनी मला उभं केलं. पाच वर्षं ग्रामपंचायतीची मेंबर होते. मीटिंगला हे बसायचे. रजिस्टर घरी यायचं, मी चुलीपाशी बसून सही करायची.

नजात म्हणाली, “माझा नवरा बाहेर गाडीत बसायचा. आत मी.”
“आत बसून काय केलंस?”
“मुलींच्या शाळेला संडास. तीनदा नाही म्हणाले. चौथ्यांदा बांधला.”
मग मला विचारलं, “तू सह्या कशावर केल्यास?”

मी बादली उचलली आणि पलीकडे गेले.


मागच्या हिवाळ्यात ती आजारी पडली. मला घरी बोलावलं आणि म्हणाली, तुझ्या फोनवर माझा फोटो काढ. मला डाऊट आला. घरात चार फोन, माझाच का?
“ते परत फूल लावतील,” म्हणाली. “तू मला लाव.”

काल हे म्हणाले, लोकांच्या घरात नाक खुपसू नकोस.
तिच्या मुलाला, अलीला, फोन केला. “आंटी, इट्स कॉम्प्लिकेटेड,” म्हणाला. नाही म्हणायची हिंमत नसली की माणूस असंच बोलतो.

म्हणून लावतेय. हा बघा फोटो. करडा स्कार्फ, निळा स्वेटर. हस म्हटलं तर म्हणाली, पोस्टरवर हसायचं नसतं.

ही नजात. निवडून आलेली.

जा बाई आता, निवांत जा. तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.
मी कशावर सह्या केल्या, मला आजही माहीत नाही.

ही पोस्ट मात्र दोनदा वाचली. मग खाली नाव घातलं.

सुनंदा