निळीतला शर्ट

कर्जतच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली गेली अनेक वर्षे माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले. तरी तालुक्यातील कितीतरी लोकांची गाऱ्हाणी माझ्या भाषेतून वरपर्यंत पोहोचली आहेत, हे नम्रपणे नमूद करतो. अर्ज लिहिणाऱ्या माणसाने कॅमेऱ्याविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, मिरजगावच्या एका वृद्ध बाईंचे मृत्युपत्र मी लिहिले, आणि ते त्यांनी शुद्धीत व स्वखुशीने केले, याचा पुरावा म्हणून झालेले चित्रीकरणही माझ्याच देखरेखीखाली झाले. त्या एका दुपारी रंग आणि उजेड यांविषयी मला जे उमगले, ते कचेरीच्या दारात बसून उमगले नसते.

बाईंना मूलबाळ नव्हते. यजमान जाऊन बराच काळ लोटला होता. म्हशींच्या दुधावर त्यांनी हमरस्त्याच्या कडेला दोन खोल्या उभ्या केल्या होत्या. पुढे रस्ता रुंद झाला, जागेला भाव आला, आणि एरवी सणासुदीलाही न फिरकणारे दोघे पुतणे गावात बोलू लागले की काकूचे डोके आता ठिकाणावर राहिलेले नाही. घर स्वकष्टार्जित असल्याने ते कोणाला द्यावे, हा सर्वस्वी बाईंचा अधिकार होता. त्यांना ते बहिणीच्या मुलीला द्यायचे होते. नवऱ्याने टाकलेली ही भाची तिथेच शिलाई मशीन चालवीत असे आणि मावशीचे सगळे करीत असे. पुतण्यांचे म्हणणे उद्या कोणी खरे मानले, तर तिला मशीन डोक्यावर घेऊन बाहेर पडावे लागले असते. म्हणून लेखी मृत्युपत्राच्या जोडीला असे चित्रीकरण हवे होते की, पाहणाऱ्याला बाईंच्या चेहऱ्याविषयी वा बुद्धीविषयी शंका घेण्यास जागाच राहू नये.

चित्रीकरणासाठी मी लग्नांचे शूटिंग करणारा एक माहीतगार माणूस आणला. वयाने माझ्याएवढा, आणि स्वतःविषयी बोलण्यात माझ्याहून तसूभरही कमी नाही. एक साक्षीदार मी स्वतः होतो; दुसरे म्हणून गावचे निवृत्त पोस्टमन आले होते. भाचीला फायदा मिळणार असल्याने ती आसपासही नको, म्हणून मी तिला गिरणीवर धाडले.

शूटिंगवाल्याने प्रथम नवरीसाठी वापरतात तो प्रोफाइल, म्हणजे रंग कसे उमटावेत याची कॅमेऱ्यातली ठरीव मांडणी, लावून थोडे चित्रण केले. कॅमेऱ्याचा छोटा पडदा बाईंनी ऑपरेशन झालेल्या डोळ्याजवळ धरला.

"ही कोन? माझी धाकटी बहीन? ती जाऊन लई वर्सं झाली की."

"आजी, तुम्हीच आहात. जरा उजळ केलंय."

"आन् माझा वण कुठं गेला?"

त्यांच्या डाव्या भुवईवर म्हशीने लाथ मारल्याची जुनी खूण होती. ती पडद्यावर खरोखरच नव्हती. सुरकुत्यांसह कॅमेऱ्याने तिलाही पुसून टाकले होते.

"तुझ्या नवऱ्या अशाच जात्यात व्हय रं सासरी? आन् सकाळी त्यांचे नवरे काय म्हनत्यात?"

पोस्टमन तोंडावर उपरणे धरून हसले. शूटिंगवाला गोरामोरा झाला. मग त्याने दुसरा प्रोफाइल लावला. त्यात बाई, भिंत, तुळस, सगळेच राखाडी आणि मरगळलेले दिसू लागले. तो म्हणाला, "साहेब, घाबरू नका. याला फ्लॅट म्हणतात. यात उजेडातलं आणि सावलीतलं, दोन्हीकडचं सगळं साठून राहतं. रंग नंतर कॉम्प्युटरवर भरायचे. मोठी कामं अशीच होतात."

"नंतर कोण भरणार?"

"मीच."

त्याचे ज्ञान मला अमान्य नव्हते. परंतु माझ्या व्यवसायात 'नंतर' हा शब्द फार महागात पडतो. कोऱ्या कागदावर आधी सही घ्यायची आणि मजकूर नंतर भरायचा, असे मी कोणालाही करू दिलेले नाही. मी त्याला स्पष्ट सांगितले की, घरी नेऊन ज्यावर हात फिरवावा लागेल, ते चित्रण लग्नात चालेल, पुराव्यात नाही. जे कॅमेऱ्यातून निघेल, तेच अखेरचे. तो कुरकुरला, पण त्याला ते पटले असावे. साधा प्रोफाइल लावून त्याने चेहरा गुळगुळीत करणारी सोय बंद केली. उजेडाचे आकडेही कॅमेऱ्यावर न सोडता हाताने ठरवू म्हणाला. नाहीतर रस्त्याने ट्रक गेला की कॅमेरा आपोआप उजेड कमी-जास्त करतो आणि माणूस मध्येच काळवंडतो.

आता प्रश्न उरला जागेचा. खोलीत अंधार होता. तिथे कॅमेऱ्याची ताकद वाढवली की चित्रावर बारीक ठिपक्यांच्या मुंग्या धावत. उन्हात बसवावे, तर बाईंच्या डोळ्यांना धार लागे; उद्या पुतणे म्हणाले असते, काकूला रडवून बोलायला लावले. राहता राहिली ओसरी. तिच्यावर शेतातली हिरवी शेडनेट ताणलेली होती, आणि तिच्याखाली आम्ही सगळेच पाण्यातून काढल्यासारखे हिरवट दिसत होतो.

शूटिंगवाल्याने उपाय सांगितला की, या उजेडात पांढरे म्हणजे काय, हे कॅमेऱ्याला एकदा दाखवावे लागेल. मग बाकीचे रंग तो आपण जुळवून घेतो. त्यासाठीचे त्याचे कार्ड कुठल्याशा मांडवात हरवले होते. मी उठून त्याच्यासमोर उभा राहिलो. माझ्या शर्टाच्या पांढरेपणाविषयी कचेरीत आजवर कोणी शंका घेतलेली नाही. त्याने शर्टावर कॅमेरा रोखला, बटण दाबले आणि मग तो बाईंकडे वळवला. हिरवेपणा गेला होता. पण बाई हळदीत बुडवून काढल्यासारख्या पिवळ्या दिसत होत्या.

"कावीळ झालेली बाई घर वाटतीया, आसं म्हनतील," त्या म्हणाल्या.

शूटिंगवाल्याने माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरली. "साहेब, नीळ घालता?"

"आमच्या घरात प्रत्येक धुण्याला घालतात."

"मग हा पांढरा नाही, निळा आहे. तुम्ही कॅमेऱ्याला सांगितलं की हेच पांढरं. त्यानं तुमचं ऐकलं आणि बाकीच्यांना पिवळं केलं."

नीळ घातलेला शर्ट डोळ्याला साध्या पांढऱ्याहून अधिक पांढरा भासतो, म्हणूनच तर ती घालतात. मला माझ्या अर्जांची आठवण झाली. प्रत्येक अर्जदाराला मी 'अत्यंत गरीब व निराधार' लिहीत आलो. कचेरीतल्या साहेबांच्या डोळ्यांना तेवढी नीळ लागते, असा माझा अनुभव. याच बाईंनी मसुदा ऐकताना मला थांबवले होते. "निराधार काढ. मी भाचीचा आधार हाय." मी ते काढले खरे, पण मनातून मला तो मजकूर फिका वाटत राहिला होता.

मग स्टॅम्पपेपर दाखवून झाला. तो स्वतःच हिरवट. पोस्टमनचे उपरणे पिवळसर. अखेरीस बाई वैतागल्या. "आता राख दाखीव त्याला चुलीतली!"

शूटिंगवाला चमकलाच. "आजी, आणा! खरंच आणा!"

चुलीतली थंड राख ताटलीत घेऊन, हाताने सपाट करून, ती त्याने बाईंच्या तोंडासमोर धरली. ना काळी, ना पांढरी, कुठल्याच रंगाकडे न झुकणारी. रंग तिच्यावरून बसवले, उजेडही तिच्यावरूनच मोजला. पडद्यावर बाई जशा होत्या तशा आल्या: उन्हाने रापलेल्या, सुरकुतलेल्या, भुवईवर वण असलेल्या.

एकच अडचण उरली. त्यांच्या शेजारी बसलेल्या माझ्या शर्टावर पडद्यात काळ्या तिरक्या रेघा नाचत होत्या. शूटिंगवाला म्हणाला, "जिथं उजेड जास्त होतो, तिथं या रेघा येतात. शर्ट जळतोय तुमचा. चुण्या, खिसा, पेन, काही दिसणार नाही. शर्ट वाचवायचा तर उजेड उतरवतो, पण मग आजींचे डोळे काळे पडतील. नाहीतर त्यांचं घोंगडं पांघरा."

साक्षीदाराने घोंगड्यात बसावे, हे मला मान्य होण्यासारखे नव्हते. चौकटीबाहेर बसलो, तर बाई अंगठा उठवताना मी हजर होतो, हे दिसले नसते. चित्रण करायचेच तर त्यात आपण नीट दिसावे, अशी माझी इच्छा होती, हेही खरे. बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या डोळ्यांत त्या वेळी जी तरतरी होती, ती कोणत्याही मजकुरात मला उतरवता आली नसती.

"शर्ट जळू द्या," मी म्हणालो.

बाई बोलल्या. माझा मसुदा त्यांनी बाजूला ठेवला. "ह्ये घर मी म्हशीच्या दुधावर बांधलं. माझ्यामागं ते भाचीचं. पुतन्यांवर राग न्हाई माझा, त्यांना त्यांच्या बापाचं हाय." मग त्यांनी अंगठा उठवला, आम्ही सह्या केल्या. रस्त्याने दोन ट्रक गेले, पण चित्र हलले नाही.

पुढे बाई वारल्या. दिवसकार्य उरकल्यावर दोघे पुतणे माझ्या टेबलाशी आले आणि दावा लावणार म्हणाले. मी त्यांना शेजारच्या टायपिंगच्या दुकानात नेऊन चित्रण लावले. थोरल्याने मध्येच थांबवायला सांगितले आणि पडद्याजवळ तोंड नेले.

"वण बघ," तो धाकट्याला म्हणाला. "म्हशीनं लाथाडलं तवा मीच दवाखान्यात नेलं हुतं तिला. वाटंत मलाच धीर देत हुती."

धाकट्याने पडद्याच्या कडेवर बोट ठेवले. "आन् ह्ये बाजूला पांढरं काय हाय?"

"तो मी आहे," मी म्हणालो.

त्याने एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्या शर्टाकडे पाहिले. थोरला अजून बाईंच्या चेहऱ्याकडेच बघत होता. मग त्याने टोपी सारखी केली.

"चल," तो म्हणाला. "काकूच हाय ती. ऱ्हाऊ दे पोरीला तिथं."