आम्लापाशी दुसरा माणूस

अन्याय माझ्यावर झाला. जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी, दुपारी दोन वाजता, अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. हे आधीच सांगून टाकते, कारण अमरावतीला कॉलेजात मेसविरुद्ध पत्रकं काढताना आम्ही एवढं शिकलो होतो की नुकसान कोणाचं आणि कधी झालं ते पहिल्या ओळीत यायला हवं. गोलगोल लिहिलेलं पत्रक भेळ बांधायच्या कामी येतं.

मी तिसऱ्या वर्षाला होते. उन्हाळ्यापुरती संशोधनासाठी निवड झाली होती. काम होतं सिलिकॉनच्या चकतीवर केसाहून बारीक पन्हळी कोरायचं. त्या पन्हळींची माझी स्वतःची चिप व्हायची होती. तिच्यातून रंगीत पाणी धावताना सूक्ष्मदर्शकाखाली एकदा बघायचं, बस. त्यासाठी घरापासून इतकी लांब आले होते.

पण कोरण्याआधी चकतीवरच्या काचेसारख्या थरात आम्लाने खिडक्या पाडाव्या लागतात. हे आम्ल काच खातं. कातडीवर पडलं तर सुरुवातीला दुखत नाही, आणि तोवर ते आत हाडाकडे निघालेलं असतं. म्हणून नियम असा की त्या टेबलापाशी एकट्याने काम करायचं नाही. मागे दुसरं माणूस हवं. त्याला बडी म्हणतात. बडीने काही करायचं नसतं. औषधाची ट्यूब हाताशी ठेवून उभं राहायचं, लक्ष ठेवायचं.

नियम बरोबर आहे. माझं भांडण नियमाशी नाही.

मी विद्यापीठाजवळच्या कॅरी गावात एका मराठी काका-काकूंकडे पेइंग गेस्ट होते. काका सकाळी ऑफिसला जाताना मला लॅबपाशी सोडायचे, संध्याकाळी घ्यायला यायचे. मधल्या वेळात माझ्याशी कोणी बोललंच, तर ते असं:

"अगं, मोकळी आहेस ना? पाच मिनिटं बडी हो ना, यार."

हा पुण्याचा, पीएचडी करणारा. त्याला सगळे दादा म्हणायचे. त्याची पाच मिनिटं म्हणजे अख्खी दुपार. मग त्याचे मित्रही बोलवायला लागले. मी दिसले की दादा ओरडायचा, "आली आमची झेड प्लस सिक्युरिटी!" मी हसायचे. खरं सांगते, कोणी हाक मारतंय याचंच बरं वाटायचं.

क्लीनरूममध्ये, म्हणजे लॅबच्या धूळमुक्त खोलीत, सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सूटमध्ये. मास्क, गॉगल, दिसतात फक्त डोळे. कोणाच्या तरी पाठीकडे बघत, छतातल्या पंख्यांची घरघर ऐकत मी उभी असायचे. जेवायच्या सुट्टीत सूट उतरवून बाहेर आले की तीच माणसं ट्रे घेऊन माझ्या टेबलावरून पुढे जायची. एकाने तर विचारलं, "नवीन आलीस का?" सकाळभर मी त्याच्याच मागे उभी होते.

उन्हाळ्याच्या शेवटी सगळ्यांनी आपलं काम पोस्टरवर मांडायचं होतं. त्या सादरीकरणाआधी आम्लाच्या टेबलाचा माझा शेवटचा स्लॉट त्या शुक्रवारचा. दादाला सोमवारीच विचारलं होतं.

"हे काय विचारणं झालं? नक्की येतो."

दोन वाजता सूट चढवून, चकतीची डबी हातात घेऊन मी टेबलापाशी थांबले. अडीच वाजले तरी कोणी येईना. भिंतीवरच्या फोनवरून त्याला गाठलं. मागे गाडीत गाणी चालू होती.

"अगं बापरे, आज होतं का ते? आम्ही सगळेच बीचला निघालोय गं. बघ ना, असेल कोणीतरी."

कोणी नव्हतं. लॅब सांभाळणाऱ्या बाई होत्या, पण ड्युटीवरच्या माणसाला बडी होता येत नाही. त्यांनी खरंच वाईट वाटून सांगितलं की बाटली उघडू देता येणार नाही. स्लॉट संपेपर्यंत मी तिथेच थांबले. काका सहाशिवाय येणार नव्हते आणि मला दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

रात्री काकू भात वाढता वाढता म्हणाल्या, "काय गं, तोंड का असं?" मी सांगितलं.

"नुसतं उभं राहायचं होतं?"

"हो."

"आणि एवढ्यांतून एकालाही जमलं नाही?"

तेव्हा कुठे मला रडू आलं.

सादरीकरणाच्या दिवशी सगळ्यांच्या पोस्टरवर चिपचे फोटो होते, माझ्या पोस्टरवर हाताने काढलेलं चित्र. एका प्राध्यापकांनी थांबून विचारलं, "चिप कुठाय?" मी म्हटलं, झाली नाही. ते म्हणाले, पुढच्या वेळी. पुढची वेळ कुठली? त्याच आठवड्यात माझं परतीचं विमान होतं.

मग उन्हाने रापलेला दादा आला. "सॉरी गं, मनावर घेऊ नकोस. समर प्रोजेक्टच तर होता."

मी त्याच्या पोस्टरवर बोट ठेवलं. "ही चिप केलीस तेव्हा मागे कोण उभं होतं, दादा?"

त्याने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू?" म्हणाला. विचारत होता तो. त्याला खरोखर आठवत नव्हतं.

हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळ जण आज अशाच लॅबमध्ये आहेत. तुमच्याकडेही उन्हाळ्यापुरतं आलेलं कोणी असेल, ज्याला तुम्ही हवं तेव्हा हाक मारता. वाईट वाटून घेऊ नका, त्याचा काही उपयोग नाही. आजच त्याला नावाने हाक मारून विचारा की तुझा स्लॉट कधी आहे. आणि त्या वेळी स्वतःचं काम बाजूला ठेवून, स्लॉट संपेपर्यंत, त्याच्या मागे उभे राहा.