अर्धे फादर आणि मानाचा नारळ

येशूच्या नंतर तीन-चारशे वर्षांत मावळलेला एक धर्मपंथ साठ सालाच्या आसपास मालवण तालुक्यात पुन्हा उदयाला आला. अनुयायी एकच होता, आणि तोही त्या पंथाचे सगळे नियम पाळत नसे. पंथातले पुष्कळ लोक मांसमच्छी वर्ज्य मानत. आमच्या अनुयायाने या कलमापुरता मतभेद नोंदवला होता. "तेंका मालवणचो बाजार गावलो नाय," एवढेच तो म्हणे.

हा अनुयायी म्हणजे आमच्या हायस्कुलातले इतिहासाचे आंतोन मास्तर. गोव्यात पाद्री व्हायला गेले आणि निम्म्या वाटेवरून परत आले, म्हणून मुले त्यांना 'अर्धे फादर' म्हणत. हे त्यांना ठाऊक होते. उरलेले अर्धे कुठे आहेत असे मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, "तां बायलेक विचार."

पंथाचे नाव एबियोनी, म्हणजे गरीब लोक. जन्माने यहुदी, पण येशूला मानणारे. येशू हाच आपण वाट पाहत असलेला मसीहा, पण तो माणूस, योसेफ-मरियेचा मुलगा, देव नव्हे, असे त्यांचे म्हणणे. वाडवडिलांचे नियम सोडायला ते तयार नव्हते. शनिवार पाळत, सुंता करत. ते नियम आता नकोत म्हणणाऱ्या पौलाचे त्यांनी नाव टाकले होते. येशूला बाप्तिस्मा देणारा, रानात राहणारा योहान टोळ खाई, हेही त्यांना पटत नसे. टोळ नव्हेत, तेलातली पोळी, असे त्यांच्या ग्रंथात होते. "म्हणजे घावने," मास्तर वर्गात सांगत. यहुद्यांनी त्यांना ख्रिस्ती म्हणून बाहेर काढले आणि ख्रिस्त्यांनी यहुदी म्हणून. त्यांचे ग्रंथ गेले. जे कळते ते त्यांना पाखंडी ठरवणाऱ्यांनी लिहून ठेवले म्हणून. "माणसाक दुश्मन बरे लिवणारे गावूक व्हये," असे मास्तर म्हणत.

एवढ्या लांबच्या लोकांशी त्यांचे काय नाते, हे मला त्यांच्या गावच्या जत्रेत समजले. त्यांचे घराणे गाव वसवणाऱ्यांपैकी. पुढे ते बाटले, पण देवळातला मान राहिला. पालखी फिरून आली की घराचे नाव पुकारले जाई. मास्तर देवळाच्या अंगणाच्या कडेला अनवाणी उभे राहत, टोपी काखेत धरून नारळ घेत. त्या रात्री त्यांच्याकडे त्याच नारळाच्या रसात सुरमई शिजे. रविवारी ते इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, पहिल्या बाकावर असत. पिढ्यान्‌पिढ्या यात कुणाला काही वावगे दिसले नव्हते.

मग नवे पाद्री आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मास्तरांना बोलावून सांगितले, की नारळ आणायला घरातल्या कुणाला पाठवा, तुम्ही जाऊ नका. मागचे मी काही ऐकलेले नाही असे धरतो, असेही म्हणाले. इथे मास्तरांनी मान हलवून घरी यायचे होते. मास्तरांनी पाद्र्यांना एबियोनी समजावून सांगितले. येशूचे पहिले शिष्य देवळात जात होते, नियम पाळत होते. या बिचाऱ्यांनी तेच पुढे चालू ठेवले, मग चुकले कोण, असा त्यांचा सवाल. पाद्र्यांनी विचारले, हे लोक येशूला देव मानत होते का? मास्तर म्हणाले, नाही. "आणि तुम्ही?" पाद्र्यांनी विचारले.

मास्तर होयच म्हणाले, पण म्हणायला वेळ लावला.

"लगेच का नाही बोललात?" मी त्यांना विचारले.

"प्रश्न बरो होतो रे. विचार करूक नको?"

नारळाची गोष्ट पाखंडावर गेली आणि मास्तरांना रविवारचा ख्रिस्तप्रसाद बंद झाला. ही बातमी देवळाकडे पोचताच मानकऱ्यांचे म्होरके आबा आनंदाने मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसले. शुद्धी करून घ्या, परत या, सगळा खर्च देवस्थानचा. मास्तर म्हणाले, "आबानु, परत येवक मी गेलंय खंय?" आबांना ते उत्तर उद्धट वाटले. पुढच्या जत्रेत घराचे नाव पुकारले गेले नाही. मास्तर नेहमीच्या जागी अनवाणी उभे होते. पालखी आत गेली, दिवे विझू लागले, तेव्हा त्यांनी टोपी घातली.

त्यांच्या पत्नी, नाताल बाई, नवऱ्याचा अभ्यास कौतुकाने सोसत आल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी विचारले, "तुमच्या त्या लोकांका तरी शेवटाक कोण नारळ दित होतो?"

त्यानंतर रविवारी ते इगर्जीत शेवटच्या बाकावर बसत, इतर सारे प्रसादासाठी उठले की गुडघ्यांकडे बघत. जत्रेला जाऊन कडेला उभे राहत. वर्गात मात्र एबियोनी पुन्हा आले नाहीत. सनावळ्या सांगत आणि घंटा झाली की निघत. दोनेक वर्षांत छातीच्या दुखण्याने गेले. नाताल बाई मुलीकडे मुंबईला गेल्या, घराला कुलूप लागले. त्यांच्याविरुद्ध बरे लिहिणारा दुश्मन काही मिळाला नाही, म्हणून हे मी लिहितो आहे. निम्मा दुश्मन म्हणून देखील मी पुरा पडत नाही.

पुढे रोमकडचे, म्हणजे पोपकडचे, वारे पालटले. नवे पाद्री आले. गावचे जुने मान घ्यायला हरकत नाही, असे ते म्हणाले. आबाही थकले होते. त्यांनी घराचे नाव पुन्हा पुकारायला लावले. आता दर जत्रेत ते पुकारतात, घरातले कुणी पुढे येते का पाहतात, आणि नारळ बाजूला ठेवतात.

दुसऱ्या दिवशी पुजाऱ्यांकडे त्याची चटणी होते.