नाव नसलेला पाना

पानेवाले मामा कधीही सिलिंडरच्या तोंडासमोरून चालत गेले नाहीत. ट्रॅक्टरची ट्रॉली उचलणारा, तेलाच्या दाबावर चालणारा तो लोखंडी सिलिंडर. वर्षभर कोपऱ्यात गंजत पडलेला असला, तरी मामा त्याला मागून वळसा घालत. देऊळगाव राजाला जालन्याच्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. तुम्ही नातवंडांनी त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

सिलिंडर गळू लागला की उघडून आतली रबरी सीलं बदलायची, एवढंच काम. अडतं ते उघडण्यापाशी. तोंडावरच्या गोल झाकणाला दोन बारीक भोकं असतात आणि प्रत्येक बनावटीत त्यांचं अंतर वेगळं. नेमका पाना मिळाला नाही की बाकीचे मिस्त्री छिन्नी लावून हातोडीने झाकण फिरवत. मामांच्या दुकानात छिन्नीच नव्हती. त्यांचा थोरला भाऊ असाच छिन्नी लावून झाकणासमोर बसला होता. आत अडकलेल्या दाबाने झाकण उडालं आणि भाऊ जागीच गेला. "मी बाजूले होतो, म्हून राह्यलो," एवढंच मामा सांगत. तेव्हापासून ते प्रत्येक झाकणाचा पाना स्वतः घडवत. भोकांचं माप पट्टीने घेत नसत. डोळे मिटून बोटं फिरवत.

एकदा आमचं काम होईपर्यंत बसून राहावं लागलं. मी शाळेतली बाई, मला पसारा सोसत नाही. मी भिंतीवरच्या पान्यांना चिठ्ठ्या बांधायला घेतल्या, कुठला पाना कुठल्या ट्रॉलीचा.

"वहिनी, शाळा इथंबी भरवली काय?" मामा हसले.

शेवटी एक पाना उरला. दांडा जवळजवळ माझ्या उंचीचा आणि एका बाजूला असा वाकवलेला, की फिरवणाऱ्याला झाकणासमोर उभंच राहता येऊ नये. हा कोणाचा, मी विचारलं.

"तो अजून आला नाही."

मग माप कुठून घेतलं? मामा आता हसत नव्हते. त्यांनी बोटं फडक्याला पुसली.

"सकाळी उठलो, तं हातात होतं."

मी कोरीच चिठ्ठी बांधली. त्या दिवाळीनंतर मामा गेले.

दोन वर्षांनी तुमच्या सुधाकरकाकाने दुसरबीडहून जुनी ट्रॉली आणली. उन्हाळ्यात तिचा सिलिंडर गळू लागला. त्याने तो सोडवला, आणि जीपमध्ये तेल सांडू नये म्हणून नळ्यांच्या दोन्ही तोंडांत बोल्ट घट्ट आवळले. पाना शोधत तो जालन्यापर्यंत जाऊन आला. एकही बसेना. तीन दिवस सिलिंडर अंगणातल्या उन्हात तापत पडला होता. चौथ्या दिवशी दुपारी पाहते, तर हा झाकणासमोर पाटावर बसलेला, हातात छिन्नी.

"आई, पेरणी तोंडावर आली. अजून किती हिंडू?"

मी छिन्नी त्याच्या हातातून घेतली, पिशवीत टाकली आणि मामींकडे गेले. दुकान बंद होतं. मामी दारात बसल्या होत्या आणि तो लांब पाना त्यांच्या मांडीवर आडवा होता. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"सकाळपासून भिंतीवर वाजून राह्यला हो," त्या म्हणाल्या. "घेऊन जा."

पान्याच्या दोन्ही खुंट्या झाकणाच्या भोकांत अलगद बसल्या. सुधाकरने पाट तिथेच सोडला. त्या दांड्यापायी त्याला गोठ्याच्या बाजूला जाऊनच उभं राहावं लागलं. तिसऱ्या हिसक्याला झाकण सुटलं. आवाज नंतर आला असं मला आठवतं. पाटाच्या दोन फळ्या झाल्या होत्या आणि मागच्या भिंतीत मूठ जाईल एवढा खड्डा पडला होता. अंगणभर तेलाचं धुकं तरंगत होतं आणि सुधाकर पाना धरून नुसता उभा होता. मग तो चालत माझ्याकडे आला. सिलिंडरला मागून वळसा घालून.

संध्याकाळी मी पाना परत टांगायला गेले. कोरी चिठ्ठी अजून दांड्यालाच होती, पाठीमागे चिकटलेली. ट्रॉलीचं नाव लिहावं म्हणून मी पेन काढलं.

सुधाकर, असं लिहिलं.